सहा गेलेली अंडी

एका हाताने डोक्यावरची टोपली आणि दुसऱ्याने कडेवरची स्नेहा सावरत पूनमने पाण्याखालची पायरी पायाने चाचपली. पाणी मांडीला लागत होतं. खाणीची लाल माती घेऊन वाळवंटी नावाची नदी सकाळीच वाड्यात, काठावरच्या त्या वस्तीत, शिरली होती आणि पूनमच्या भाड्याच्या खोलीत चूल बुडाली होती. मृग लागायला अजून आठवडा होता, पण दोन दिवस पावसासकट वादळाचं वारं असं घोंघावत होतं की माडाची चुडतं कौलांवर येऊन आदळत होती.

वरच्या पायरीवर शेजारची म्हातारी शेवंता उभी होती. वाड्यात एवढंच एक घर उंच जोत्याचं.

"चेडवाक घेऊन वर ये," ती म्हणाली. "ती टोपली नाका."

"मावशी, आत खुडूक हाय. एकोणीस दिवस झाले बसून. दोन दिवसांत फुटतील बघा अंडी."

"तुजी कोंबडी माज्या घरात? परत?"

'परत' या शब्दामागे गेली दिवाळी होती.

गोवा राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी लग्न होऊन ती खानापूरहून इथं आली. नवरा प्रमोद सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवत होता. गेल्या दिवाळीत डिचोलीच्या बुधवारच्या बाजारातून तिने तीन तलंगा, तरण्या कोंबड्या, आणल्या आणि आणल्या तशाच अंगणात सोडल्या. बाजारची कोंबडी पंधरा दिवस वेगळी झाकून ठेवायची असते, हे वाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिला नव्हतं. आठ दिवसांत वाड्यावर कोंबड्यांची मानमोडीची साथ आली. शेवंताच्या अठरा कोंबड्या माना पिळून मेल्या. म्हातारीने एकटीने खड्डा खणला, एकटीने बुजवला. पूनमच्याही सगळ्या मेल्या; वाचली एकच, आणि ती वाचली म्हणून वाड्याने पूनमला अजून माफ केलं नव्हतं. तीच ही टोपलीतली. तिच्याखाली पूनमने माहेराहून तांदळाच्या डब्यात, एसटीत मांडीवर सांभाळत आणलेली तेरा अंडी ठेवली होती. घरात नवऱ्याच्या कमाईबाहेरचं, तिचं स्वतःचं म्हणावं असं, तेवढंच होतं.

आणि कालचंही होतंच. काल संध्याकाळी शेवंताच्या रेडिओवर कोंकणीतून बातम्या चालल्या होत्या. पूनम विहिरीवर होती. 'हुंवार' एवढा एक शब्द तिला ऐकू आला, पण त्याचा अर्थ पूर, हे तिला कळलं नाही. शेवंताने तिच्याकडे पाहिलं होतं आणि काही न सांगता खिडकी ओढून घेतली होती.

"पोराला ताप हाय मावशी," पूनम आता म्हणाली. "टोपली बाहेरच ठेवतो की, सोप्याच्या कोपऱ्यात. एक पीस आत आलं तर माझं नाव बदला."

"नाव बदलून तू काय गोंयकार होशील?" शेवंताने पोर तिच्या कडेवरून ओढून घेतलं, कपाळाला हात लावला आणि आत गेली. टोपलीला नाही म्हणायची राहून गेली.

कोपऱ्यात पूनमने टोपली उघडली. तिने डोक्यावर घेण्याआधीच पाणी टोपलीत शिरून गेलं होतं. गवत भिजलं होतं, अंड्यांवर लाल चिखल बसला होता आणि खुडूक भेदरून एका बाजूला चोच उघडी टाकून बसली होती. पूनमने एक अंडं गालाला लावलं. गार होतं. मग दुसरं. तेही गारच.

शेवंता बाहेर आली. पोराला आत पेज पाजली होती. तिच्या पदराला पेजेचा डाग होता.

"मेली?"

"काय की."

"मेलेली अंडी माज्या सोप्यार कुजत ठेवतली काय तू? पिचकली की घरभर घाण. थांब."

तिने पसरट टोपात कोमट पाणी आणलं, त्यात कोपर बुडवून बघितलं, थोडं गार ओतलं, पुन्हा बघितलं. टोप दोघींच्या मध्ये ठेवून ती उकिडवी बसली. हे पूनमलाही माहीत होतं. तिची आईही असंच करायची. फुटायला आलेलं अंडं कोमट पाण्यात सोडलं की आतलं पिल्लू जिवंत असेल तर अंडं आपोआप डुलतं. मेलेलं असेल तर नुसतं तरंगत राहतं.

पहिलं अंडं सोडलं. दोघी वाकून बघत राहिल्या. वारं आडोशाला अडलं, पाणी स्थिर झालं. मान हलवावी तसं अंडं एकदा डुललं.

"हां," शेवंता म्हणाली, आणि ते पुसून कोरड्या चिंधीत ठेवलं.

दुसरं डुललं. तिसरं डुललं. चौथं नुसतंच तरंगलं.

"गेलं." ते डाव्या हाताच्या सुपात.

पाचवं थांबलं, आणि मग जराशी गिरकी घेतली. पूनमने ती स्पष्ट बघितली. शेवंताच्या बोटाने अंड्याला हलकेच टेकून ते थांबवलं.

"गेलं."

पूनमने मान वर केली. शेवंता टोपाकडेच बघत होती. आत स्नेहा झोपेत कण्हली. बाहेर कुणाचं तरी पिंप अंगणातून वाहत भिंतीला धडकलं.

"गेलं, मावशी?" पूनमने विचारलं.

"माका दिसता ना. तुका दिसता काय?"

"न्हाई," पूनम म्हणाली. "मला बी दिसलं न्हाई."

त्यानंतर आणखी चार अंडी डाव्या सुपात गेली. त्यांतली तीन डुलली होती. पूनम एकेक अंडं पुढे देत राहिली. सात अंडी कोंबडीखाली परत गेली, सहा अंडी सुपात राहिली.

"ही मी टाकते," शेवंता म्हणाली. "तू भिजलेली हायस, बस." ती सूप पदराआड घेऊन स्वयंपाकघरात गेली. आतून कुठलासा डबा उघडल्याचा आवाज आला, मग भाताचं तूस ओतल्याचा. चुलीत लाकूड सरकवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी वारं पडलं. संध्याकाळपर्यंत कोंबडीच्या पंखाखालून सात ओली डोकी बाहेर आली. शेवंता लांबूनच बघून गेली. "माजे तांदूळ खायत बसू नको म्हणावं," एवढंच बोलली. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. प्रमोदने एका ट्रकवाल्याकडून निरोप पाठवला: रस्ता उघडला की येतो. पूनमने खाली जाऊन खोली बघितली. गुडघाभर लाल गाळ, भिंतीवर छातीएवढी रेघ. फावड्याने तो उपसायला चार दिवस तरी लागणार होते.

ती परत आली. टोपली उचलली, स्नेहाला बोटाला धरलं.

"येतो, मावशी."

"जा. सगळं घेऊन जा. मागाहून काय इथं राहिलं म्हणून वाद नाका."

त्याच वेळी स्वयंपाकघरातून, चुलीच्या बाजूने, बारीक आवाज आला. एक. मग दोन-तीन एकदम. टोपलीतल्या कोंबडीने मान ताणली आणि घशातून तो आवाज काढला, जो फक्त पिल्लांसाठी असतो. शेवंता मोठ्याने खोकली. तिने उगाच बाल्दीला पाय लावला आणि बाल्दी घरंगळत पायरीपर्यंत गेली.

आतली पिल्लं त्याने आणखीच ओरडू लागली. आईशिवाय, तुसातल्या उबेवर, ती फार तर रात्र काढतील.

पूनमने टोपली खाली ठेवली.

"मावशी, खाली गाळ हाय. इवलाली पिल्लं बुडतील त्यात. कोंबडी चार दिवस इथंच ऱ्हाऊ दे की."

शेवंताने बाल्दी उचलून रागानेच जागेवर आपटली.

"चार दिवस," शेवटी ती म्हणाली. "पाचवो ना."

"बरं."

पूनमने टोपलीचं झाकण काढलं. कोंबडी बाहेर आली, पंख झटकले आणि आवाजाच्या दिशेने चालू लागली. सात पिल्लं मागे मागे, त्यांच्यामागे शेवंता. स्नेहाने एकावर बोट रोखलं आणि मोजायला सुरुवात केली. पूनमने तिचं बोट मुठीत धरलं.

"दार ओढून घे जाताना," आतून शेवंता ओरडली. "वारं येतां."

वारं केव्हाच पडलं होतं. पूनमने दार ओढून घेतलं.