वाढत्या अंगाची खुर्ची

पैलवानाला बघायला येणारं प्रत्येक माणूस दारातूनच विचारायचं, आता काय काय करतो? जसं काही पोरगं जन्माला आलं नव्हतं, नोकरीला लागलं होतं. मान धरली का, पालथा पडतो का, दात दिसतात का, बसतो का. उत्तरं द्यायचं खातं आजीकडे. जन्मला तेव्हा नातू चांगला वजनदार होता, नर्सबाईसुद्धा म्हणाली की हा पैलवान होणार, आणि आजीने ते नाव असं उचलून धरलं की खरं नाव दवाखान्याच्या कागदावरच राहिलं.

पाहुण्यांचं एक बरं असतं, रिकाम्या हाताने येत नाहीत. या घरात येणारे सगळे कपडे आणायचे, आणि सगळे वाढत्या अंगाचे. पोरं काय, बघता बघता वाढतात, मापाचं घेऊन करायचं काय, असं म्हणत प्रत्येकाने दोन-दोन वर्षं पुढचे सदरे आणले. कपाटाचा एक कप्पा त्यांनी भरून गेला होता.

पैलवानाचा बाप कुशनवाला. बाजारामागच्या बोळात त्याचं दुकान होतं. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा, जे फाटेल आणि बसेल ते त्याच्याकडे यायचं. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, लाकडी सांगाडे उघडे पडलेले, कोपऱ्यात फोमच्या लाद्या, आणि त्या सगळ्याच्या मधे हा, केसांत फोमचा भुगा, दातांत दाभण. बोलायला बेताचा, पण हाताला जादू. गिऱ्हाईक एकदा बसून उठलं की गादीतला खड्डा बघून तो सांगायचा, तुमची डावी बाजू दुखते ना? लोक चाट पडायचे. याला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? पण अभिमान वाईट. डोळ्यांवर बसतो आणि उठायचं नाव घेत नाही.

खुर्चीचं सुरू झालं ते असं. पैलवान चार महिन्यांचा असताना कुठलीशी चुलत आत्या आली. पोर या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं. तिने घेतलं आणि त्याची मान एकदम कलंडली. अगबाई, याची मान अजून लटलटतेय की, एवढंच ती म्हणाली आणि चहा प्यायला लागली. मान तर त्याने महिन्यापूर्वीच धरली होती, सगळ्या घराने पाहिली होती. कुशनवाल्याला ते बोलणं झोंबलं. रात्रभर मनात घोळवत बसला असेल, कारण दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं ते खुर्ची करायलाच.

आणि खुर्ची काय झाली होती म्हणता! आत पोराच्या अंगाइतकी पोकळी, पाठीला दाट फोम, बाजूंना मऊ, मानेशी छोटी उशी, वर निळं कापड. पैलवानाला तिच्यात ठेवला तर ताठ बसला. चारी बाजूंनी धरलेला, डोळे टकटक फिरवणारा, सभेचा अध्यक्षच जणू. आजीने सगळ्या शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवला. चौथ्या महिन्यात बसतो म्हणजे काय खाऊ आहे का! ज्याने त्याने बापाच्या पाठीवर थाप मारली. बाप लाजला आणि सुखावला.

फक्त त्याची बायको खुश नव्हती. पोराला आंघोळ घालायची ती. हाताला जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही. पूर्वी टबात ठेवला की पाय झाडायचा, तिचा पदर भिजायचा, फरशी भिजायची. हल्ली पाणी हलतच नव्हतं. तो पडून राहायचा, तिच्याकडे बघून गोड हसायचा, आणि पाणी तसंच. तिने नवऱ्याला सांगितलं, मला हे बरं वाटत नाही, डॉक्टरला दाखवू या. सासूने मधेच तोंड घातलं की आमच्या घराण्यात पोरं आळशीच, याचा बाप दीड वर्षाचा होऊन चालला आणि आता बघ. नवऱ्याने पोराला उचलून खुर्चीत बसवला आणि बायकोकडे पाहिलं, म्हणजे बघ, झालं की नाही?

पुढे पैलवान खुर्चीत थोडा डावीकडे झुकायला लागला. बापाने रविवारी डाव्या बाजूला बोटभर फोम सरकवला. पोर सरळ झालं. मग हनुवटी छातीला टेकायला लागली, मानेशी पट्टी घातली. मग उजवीकडे. दर रविवारी काही ना काही. पोर वाढतंय, मापं बदलणारच, असं तो आजीला म्हणायचा, आणि आजी ते साऱ्या गावाला.

सहा महिने झाल्यावर लस टोचायला गेले. दवाखान्यात ही गर्दी. नर्सबाईने सुई भरता भरता, मान वर न करता विचारलं, बसतो का? बायकोने तोंड उघडायच्या आत कुशनवाला म्हणाला, "एकदम ताठ बसतो. तासन् तास."

"छान," नर्सबाई म्हणाली, आणि पुढच्या पोराला हाक मारली.

घरी येताना बायको म्हणाली की खुर्चीत बसतो असं सांगायला हवं होतं. तो चिडला. बसतो म्हणजे बसतो, त्यात खुर्ची आणि जमीन असा कुठला फरक, तुम्ही बायका उगाच काळजीचं पोतं डोक्यावर घेऊन फिरता. तो खोटं बोलत नव्हता हो. हीच तर पंचाईत होती. ज्याचा सगळा जन्म लोकांना नीट बसवण्यात गेला, त्याला बसणं म्हणजे खुर्चीतच बसणं वाटलं. आणि तीही गप्प बसली. माणूस थकतं. घरात दोघं एका बाजूला आणि आपण एकटे असलो की आपल्यालाच आपलं खोटं वाटायला लागतं.

आठवा महिना संपत आला आणि तिची मोठी बहीण नवऱ्याला आणि मुलीला घेऊन दोन दिवस राहायला आली. ही मावशी बालवाडीत शिकवायची. साडूभाऊ गाड्या विकायचे, तोंडात साखर आणि हातात कायम फोन. त्यांची मुलगी पैलवानापेक्षा महिनाभराने लहान, नाव भिंगरी, आणि तशीच. आल्या आल्या तिने चपला चाटल्या, टेबलाच्या पायाला धरून उभी राहिली, धपकन पडली, पुन्हा उठली. कुणाला तिच्यावरून डोळा काढता येईना.

आजीने पैलवानाला खुर्चीत सजवून खोलीच्या मधोमध ठेवला होता. मावशीने आणलेला पिवळा सदरा घातला होता, अर्थातच वाढत्या अंगाचा, बाह्या बोटांच्या पुढे आलेल्या. साडूभाऊंनी खुर्चीची तारीफ केली, चारी बाजूंनी व्हिडिओ काढला, दुकानात ठेवलीत तर रांग लागेल म्हणाले. मग त्यांच्या डोक्यात आलं की भिंगरीचाही या सिंहासनावर फोटो हवा. कुशनवाल्याने हौसेने पैलवानाला काढून साडूंच्या हातात दिला आणि भिंगरीला उचलून खुर्चीत ठेवायला लागला.

ती आत जाईना. म्हणजे पोकळीच एवढी बारीक झाली होती की वयाने आणि अंगाने लहान असलेली ती मुलगीसुद्धा मावेना. कशीबशी दाबून बसवली तर तिने गळा काढला, पाय रोवले, पाठीची कमान केली आणि खुर्चीसकट कलंडली. सगळे हसले, तिला सोडवायला धावले. आणि साडूभाऊ, बिचारे, ज्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं की हा ताठ बसतो, त्यांनी पैलवानाला सतरंजीवर बसवलं, हात काढले आणि फोन उचलला.

पैलवान पुढे घडी होऊन पडला. तोंड सतरंजीत. रडलाही नाही धड, दबका असा एक आवाज आला आणि तोही भिंगरीच्या रडण्यात बुडाला. ज्याला मान उचलता येत नाही, तो तोंड तरी कसं बाजूला करणार? त्याची आई चहाचे कप घेऊन येत होती. कप कुठे गेले तिला कळलं नाही. तिने पोराला उलटा केला तेव्हा त्याचे ओठ काळसर पडले होते. मग श्वास आला. मग तो आईकडे बघून हसला.

मावशीने पोराला बगलेत धरून उभा केला तर तो तिच्या हातांतून खाली ओघळला, भिजलेल्या कपड्यासारखा. तिने पुन्हा धरला. मग तिने त्याला छातीशी घेतला आणि हळूच विचारलं, "हा कधीपासून असा आहे?"

"मी सांगत होते," तिची बहीण म्हणाली.

कुशनवाला कलंडलेल्या खुर्चीजवळ गुडघ्यांवर होता. त्याने पोकळीत हात घातला आणि फोमचा एक तुकडा ओढून काढला. मग दुसरा. डाव्या बाजूचे, उजवीकडचे, मानेचे, पाठीचे. एकेक करून त्याने सगळे फरशीवर मांडले. स्वतःच्या हाताने कापलेले, रविवारचे रविवार. मुलगा वाढतो तसं खुर्चीतून काढत जावं लागतं. जागा करून द्यावी लागते. हे त्याच्या धंद्यातलं कालच्या पोरालाही कळेल. आणि हा घालत गेला होता. त्याच्या हातांना चार महिने सगळं माहीत होतं, आणि त्याने हातांचं ऐकलं नव्हतं. तो तसाच गुडघ्यांवर रडायला लागला. आजी म्हणत राहिली की पोरं उशिरा शिकतात, तुझा बापही उशिरा, तूही उशिरा, पण तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई कमी बोलणारी होती. तिने पैलवानाच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर मारली. तपासण्या झाल्या, रिपोर्ट आले. तिने समजावून सांगितलं की हा आजार जन्माबरोबरच येतो, स्नायू हळूहळू दमत जातात, डोकं मात्र तल्लख राहतं. औषध आहे, सुरू करू. पण औषध उरलंय तेवढं सांभाळतं, गेलेलं परत आणत नाही. मग तिने विचारलं, पहिल्यांदा कधी लक्षात आलं?

बायको बोलली असती तर बरं झालं असतं. तिने शिव्या घातल्या असत्या तरी त्याला चाललं असतं. ती पोराच्या बाह्या दुमडत बसली होती, तिने मान वर केली नाही. तेव्हा तोच म्हणाला, "हिच्या लक्षात चौथ्या महिन्यातच आलं होतं. माझ्या आत्ता."

मग विचारू नये ते विचारलंच त्याने. तेव्हा आणला असता तर?

"तेव्हा सांभाळायला जास्त होतं," डॉक्टरीणबाई म्हणाली.

उठता उठता तिने, तपासताना यांनी दाखवलेला साडूभाऊंचा तो व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि ही खुर्ची कुठून आणली म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. ती म्हणाली, याचा कणा वाकू नये म्हणून आता कायम आधार लागणार, बाजारात मिळतात त्या याच्या अंगाला बसत नाहीत. इतकी नेमकी मी पाहिली नाही. अशीच करा, पाठ जरा अजून ताठ ठेवा. ते कौतुक त्याने खाली बघून ऐकलं. पाठीवर पडलेल्या सगळ्या थापांपेक्षा ते जड होतं.

दुसऱ्या दिवशी बायको पोराला घेऊन दुकानात आली. लग्नानंतर ती क्वचितच तिथे आली होती. फाटक्या सोफ्यावरची गिऱ्हाइकाची गादी बाजूला करून बसली, पैलवान मांडीवर. तोच पिवळा सदरा. कुशनवाल्याने टेप घेतली, पाठ मोजली, खांदे मोजले, मांडीपासून गुडघा मोजला. फार जपून मोजलं. मग फोमच्या नव्या लादीवर खडूने रेघ मारली आणि हाताच्या सवयीने दोन बोटं बाहेर दुसरी मारली.

"ती कशाला?" बायकोने विचारलं. घरी सगळा दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"वाढत्या अंगाची करतो," तो म्हणाला. "दर वेळी नवी नको."

ती त्या रेघेकडे बघत राहिली. रागावलेली दिसत नव्हती, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

"आजच्या मापाची कर," ती म्हणाली. "वाढला तर मी त्याला घेऊन येईन. रोज आणीन मोजायला. पण आता पुढचं काही करून ठेवू नकोस."

त्याने ओल्या फडक्याने बाहेरची रेघ पुसली. खडूचा पांढरा डाग तेवढा राहिला. मग आतल्या रेघेवर सुरी ठेवली आणि कापायला लागला. पैलवान आईच्या मांडीवरून बापाच्या चालत्या हाताकडे बघून हसत होता, आणि कपड्याची दुमडलेली बाही पुन्हा सुटून त्याच्या बोटांवर आली होती.