मुठीतली ऊब

जुना फ्रीझर शुक्रवारपर्यंत रिकामा करायचा होता, आणि त्याच्या तळाशी आईच्या अँटिबॉडीच्या नळ्या अजून पडून होत्या.

"छोट्या बाई, आता भावनेत अडकू नका," सर म्हणाले. प्रयोगशाळेत आईला सगळे बाई म्हणत, म्हणून लेक आपसूक छोट्या बाई झाली होती. "बाईंच्या हाताला गुण होता, कबूल. पण त्या गेल्यापासून ही अँटिबॉडी कुणाच्याच हातून चालत नाही. मेलीय ती." शब्द तोंडातून निसटला तसा सरांनी चष्मा पुसायला घेतला.

"एकदा करून बघते. नाही जमलं तर मीच फेकीन."

पेशीत विषाणू शिरला की सर्वांत आधी हाकाटी करणारं एक प्रथिन असतं. तेवढंच नेमकं हुडकणारी अँटिबॉडी आईने जिवाचं रान करून तयार केली होती. विकतची मात्र दिसेल त्याला कवटाळायची. ज्या पेशींतून ते प्रथिन मुद्दाम काढून टाकलंय, तिथेही खुशाल 'आहे' म्हणून रेघ दाखवायची. आई म्हणायची, "होयबा साक्षीदार काय कामाचा? नाही तिथे नाही म्हणणारा हवा."

लेकीने सगळं शिरस्त्याप्रमाणे केलं. पेशींचा अर्क साबणी द्रावणात उकळला, प्रथिनं चाळणीसारखी गाळणाऱ्या जेलवर चढवला, जेलचा वरचा काठ पात्याने कापून टाकला, उरलेल्या भागाचा ठसा घेतला आणि त्यावर आईची अँटिबॉडी सोडली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंधार. प्रथिन नसलेल्या पेशींपुढे अंधार, असलेल्यांपुढेही अंधार.

"होयबा नको म्हणता म्हणता हा मुकाच निघाला की गं," मावशी म्हणाल्या. आईच्या शेजारच्या टेबलावर त्यांची हयात गेली होती.

 लेकीने दुसऱ्या खेपेसाठी अर्काच्या नळ्या उकळायला ठेवल्या. एक उचलताना बोटं पोळली आणि तिचा हात तसाच थांबला. आईची बोटं इथे कधी पोळल्याचं तिला आठवेना. आठवली ती मूठ. शाळेला सुट्टी असली की ती इथल्या उंच स्टुलावर बसायची. आई मूठ मिटून गप्पा मारत असायची. तिला वाटायचं, आत गोळी आहे. एकदा हट्टाने मूठ उघडायला लावली, तर आत नळी. "गारठलीय बिचारी," आई म्हणाली होती.

"मावशी, आई नळ्या उकळायची नाही?"

"ती? तिला धीर कुठला. मुठीत धरून बसायची. आम्ही चिडवायचो, बाई अंडी उबवतायत म्हणून."

"आणि तुम्ही?"

"आम्ही आपले उकळणारे. सगळं जग उकळतं."

अंडं उबवलं तर पिल्लू, उकडलं तर गोळा. हे प्रथिन पेशीच्या पडद्यात ओवलेलं. उकळलं की त्याच्या गुठळ्या होणार, आणि गुठळ्या जेलच्या वरच्या काठात अडकणार. तोच काठ, जो सगळे डोळे झाकून कापतात. इतके महिने जे शोधायचं, तेच कचऱ्यात जात होतं. आईने हे कुणाला सांगितलं नव्हतं. आपण काही वेगळं करतोय हे तिच्या गावीही नसावं.

लेकीने अर्काच्या नव्या नळ्या न उकळता मुठीत धरल्या आणि खिडकीपाशी उभी राहिली.

या वेळी पडद्यावर एकच रेघ उमटली, सुईने काढल्यासारखी. शेजारी, प्रथिन नसलेल्या पेशींपुढे, काही नाही. लख्ख काही नाही. त्या रिकाम्या जागेकडे ती बघतच राहिली.

सर वाकून वाकून पाहत होते. "हातगुण असेल. मी करतो."

"तुमचे हात गार असतात, सर."

"मग दोन्ही मुठी आवळा," मावशी म्हणाल्या. भल्या थोरल्या खुर्चीत मुठी मिटून बसलेले सर बघायला शेजारच्या खोलीतूनही माणसं आली. सरांच्या हातूनही तीच रेघ उमटली, शेजारी तीच रिकामी जागा.

"जिवंत आहे," सर हळूच म्हणाले. "चूक आमची होती."

शुक्रवारी नवा फ्रीझर आला. सगळ्यात वरच्या कप्प्यावर सरांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली: 'बाईंची अँटिबॉडी. नमुने उकळू नयेत.' लेक एकेक नळी आत ठेवत गेली. शेवटची हातातच राहिली.

"अगं, ती नको धरून ठेवूस," मावशी म्हणाल्या. "हिला गारच लागतं."

"हो," ती म्हणाली, आणि मूठ उघडली.