बारा पॉइंट सहा

शाळेतली पोरं बाईंना पाठीमागे 'दहा-पॉइंट-दोन' म्हणायची आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्यात पोरांची काही चूक नव्हती. सव्वीस वर्षं बाई रसायनशास्त्र शिकवत होत्या आणि सव्वीस वर्षं त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या जर्नलात आम्ल-अल्कलीच्या प्रयोगाचं रीडिंग एकच होतं: दहा पॉइंट दोन. बाई फळ्यावर लिहायच्या, पोरं उतरवून घ्यायची, बाहेरून येणारे परीक्षक डोळे झाकून सही ठोकायचे. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

निदान आधी प्रयोगशाळेचं दार तरी उघडं असायचं. आठ वर्षांपूर्वी एका मुलीनं पिपेट, म्हणजे द्रावण मोजून घ्यायची काचेची नळी, तोंडानं ओढली, द्रावण ओठांना लागलं आणि ओठ भाजले. मुलगी चार दिवसांत बरी झाली. बाईंचे हात मात्र त्या दिवशी आखडले ते आखडलेच. खोलीला कुलूप लागलं आणि पुढची सगळी रसायनं खडूनंच झाली.

यंदा मुख्याध्यापकांचा त्या खोलीवर डोळा होता. तेवढ्यात प्रशिक्षणाचं पत्र आलं: रसायनशास्त्र प्रत्यक्ष प्रयोगांतून कसं शिकवायचं, दहा दिवस, शेवटी परीक्षा.

"पास होऊन आलात तर प्रयोगशाळा उघडू," मुख्याध्यापक म्हणाले. "नाहीतर मोडके बाक तिथे टाकतो. नुसतं कुलूप लावून ठेवायला माझ्याकडे खोल्या नाहीत, बाई."

घरी नवऱ्यानं विचारलं, "या वयात परीक्षा देणार?"

"परीक्षा वय देत नाही, मी देणार आहे," बाई म्हणाल्या आणि बॅग भरायला घेतली.

प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम बाईंच्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांच्या पेन्सिली आणि खोडरबर गोळा करून कपाटात टाकले.

"रीडिंग पेनानंच लिहायचं. दिसलं ते आणि दिसलं तसंच."

चोवीस शिक्षकांचे चेहरे पडले. आधी पेन्सिलीनं लिहायचं, शेजाऱ्याशी ताडून बघायचं, मग पेनानं गिरवायचं, या रिवाजावर सगळ्यांची हयात गेली होती. बाईंच्या टेबलावर जोडीला आलेले सर तर म्हणाले, "हे म्हणजे शिंप्याची कात्रीच काढून घेतली."

त्या दिवशी रबरी फुग्यानं पिपेट भरताना बाईंचा हात इतका थरथरला की निम्मं द्रावण टेबलावर सांडलं. त्या ओशाळल्या, पण उठून गेल्या नाहीत. रोज सगळे चहाला गेले की त्या नुसतं पाणी घेऊन बसायच्या. पिपेट भरायची, रेघेवर थांबवायची, सोडायची. मग ब्युरेट घ्यायची, म्हणजे खाली तोटी असलेली आकड्यांची उभी नळी, आणि तिच्यातून एकेक थेंब सोडायचा. सातव्या दिवशी त्यांनी तोटीच्या टोकाला एक थेंब लटकता ठेवला आणि तो पडू दिला नाही. बघायला कुणी नव्हतं, तरी बाई स्वतःशीच हसल्या.

परीक्षेला प्रत्येक टेबलावर अल्कलीची एक बाटली होती, दोघांत एक. बाईंचं टेबल शेवटचं. चंचुपात्रातून बरोबर दहा मिलिलिटर आम्ल पिपेटनं घ्यायचं, रंग बदलून दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि फिकट गुलाबी रंग येईपर्यंत वरून अल्कली सोडायची. दोन्ही द्रावणं सारख्या ताकदीची, म्हणजे उत्तर दहाच्या आसपास येणार, हे तिथल्या खुर्च्यांनाही कळत होतं.

बाईंचं दहा झालं. रंग नाही. अकरा झालं. काचपात्र पाण्यासारखं स्वच्छ. बारा पॉइंट सहाला एका थेंबासरशी गुलाबी रंग उमटला आणि टिकला. त्यांनी सगळं धुऊन पुन्हा केलं. बारा पॉइंट सहा. तिसऱ्यांदा बारा पॉइंट पाच.

पलीकडच्या टेबलांवरून कुजबुज येत होती: दहा, नऊ पॉइंट नऊ, दहा.

"बाई, दहा लिहा," जोडीदार सर हळूच म्हणाले. "माझंही गडबडलंय. पण मी दहा लिहिलं. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

बाईंना मोडके बाक दिसले, एकावर एक रचलेले, थेट छतापर्यंत. दहा लिहिलं की खोली वाचत होती. तेवढ्यासाठीच तर त्या आल्या होत्या. पण तीन वेळा आपल्या हातानं केलं होतं आणि हात एकदाही हलला नव्हता. आता हातावर भरवसा नाही ठेवायचा, तर मग दहा दिवस केलं काय? त्यांनी पेन उचललं आणि तिन्ही आकडे आले तसे लिहिले.

मॅडमनी त्या टेबलावरचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एकच बाटली, एका कागदावर दहा आणि दुसऱ्यावर बारा पॉइंट सहा. बाह्या सारून त्यांनी स्वतः ब्युरेट भरली. सगळे भोवती जमले. दहा गेलं, अकरा गेलं, बारा गेलं. बारा पॉइंट सहाला गुलाबी झालं.

सर एकदम चष्मा पुसायला लागले.

तेव्हा दाराशी उभे असलेले प्रयोगशाळेचे मामा पुढे आले. बाटल्या भरायचं काम त्यांच्याकडे होतं.

"मॅडम, माझंच चुकलं. शेवटच्या बाटलीला द्रावण कमी पडलं, म्हणून थोडं पाणी घातलं. दरवर्षीच घालतो. तीस वर्षांत कुठल्या शिक्षकाच्या लक्षात आलं नाही हो. या बाई पहिल्याच."

सगळे शिक्षक आपापल्या वर्षांचा हिशेब करत होते. बाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्या हातांचा अभिमान वाटत होता, अगदी उघडउघड, मान ताठ करून.

सरांना मॅडमनी दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षेला बसायला सांगितलं. बाईंच्या कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "बाई, पुढच्या वर्षी शिकवायला याल का माझ्याबरोबर?"

"आधी माझी पोरं," बाई म्हणाल्या आणि व्हरांड्यात जाऊन मुख्याध्यापकांना फोन लावला.

"काय बाई, झालात का पास?"

"झाले. सोमवारी कुलूप काढा. आणि सर, यंदा जर्नलांत प्रत्येक पोराचं रीडिंग वेगळं दिसेल. मला जाब विचारायला बोलावू नका. सगळ्यांचं एकसारखं आलं, तर मात्र जरूर बोलवा."