घाटापलीकडचे ढग

“यावर तुमचा विश्वास बसणार नाही,” कॉफीचा कप बाजूला सारत सिवर्ट म्हणाला, “पण त्या वर्षी ध्रुवप्रकाश इतका खाली उतरला, की कोंबडे आरवले आणि आमच्या पाद्रीबाबांनी गुरुवारीच रविवारची घंटा बडवली. अर्धं गाव प्रार्थनेला जाऊनसुद्धा आलं.”

फेम्के हसली. तिचा नवरा योस्त मात्र खिडकीतून घाटाच्या तोंडाशी आडव्या पडलेल्या फाटकाकडं बघत होता. सकाळपासून घाट बंद होता. वारा पडला, की बर्फ काढणारी गाडी पुढं आणि बाकीच्या तिच्या मागं, पुढच्या गाडीच्या लाल दिव्यावर नजर लावून, अशी रांग निघायची. तोवर सगळ्यांनी गुनवोरच्या खाणावळीत बसून राहायचं. दुपार होती, पण दूर उत्तरेकडच्या, सूर्यच न उगवणाऱ्या डिसेंबरातली. बाहेर मिट्ट काळोख होता.

फेम्केनं मोबाइल पुढं केला. त्यावरच्या अंदाजात प्रकाशाला आज चांगला जोर होता. घाटापलीकडं, समुद्राच्या अंगाला आभाळ निरभ्र. या बाजूला ढगच ढग. उद्या त्यांचं विमान होतं आणि हॉलंडहून इतक्या लांब येऊन आभाळातला तो हिरवा प्रकाश अजून एकदाही दिसला नव्हता. कुठं जायचं ते सिवर्टनं सांगायचं होतं. पाहुण्यांना प्रकाश दाखवायला नेणं हा त्याचा धंदा; अंदाज त्याचा, गाडीही त्याचीच.

त्यानं मोबाइल दिव्याखाली धरून दोनदा वाचला. खोट काढायला जागा नव्हती.

“यंत्राला वाऱ्याचा वास येत नाही,” तो म्हणाला. “पलीकडं ढग चढणार. मोकळं होणार ते इथलं आभाळ. आपण थांबू या.”

“तुला कधीपासून वास यायला लागले रे?” गुनवोर गल्ल्यामागून म्हणाली. ती आणि तो एका वर्गात शिकले होते.

दिव्याच्या उजेडात सिवर्टला सगळं दिसायचं. काळोखात मात्र मागच्या हिवाळ्यापासून काहीच दिसेनासं झालं होतं. कडेच्या खांबांवर गाडीचा झोत पडला की ते चमकायचे, त्यांच्या आधारानं तो इथवर आला होता. पण उडत्या बर्फात पुढच्या गाडीचा लाल दिवा त्याला सापडला नसता, आणि मागं ही दोघं बसलेली. खरं सांगावं, तर गाडीचा परवाना जाणार. मग मुलगी येणार आणि त्याला ऑस्लोला आपल्या चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवणार. तिथं लिफ्ट आहे, हे ती दर फोनला कौतुकानं सांगायची.

प्रकाश दाखवणं त्यामानानं सोपं होतं. पाहुणे वर बघून ‘अगं बाई’ म्हणाले, की तोही मान वर करायचा आणि जणू आपणच बोलावल्यासारखा हसायचा.

बर्फाच्या गाडीवरचा यार्ले बूट आपटत आत आला. वारा पडला होता. कोणाकोणाला यायचंय, गाडीत फावडं आहे का, गरम कपडे आहेत का, असं विचारत तो टेबलांवरून फिरला. यानंतरची रांग आता उद्याच, असंही त्यानं बजावलं. योस्त उठला. दुसऱ्या कोणाच्या गाडीत जागा मागू, असं तो बायकोला म्हणत होता. तिनं त्याला हाताला धरून खाली बसवलं.

“त्यांचा जन्म गेलाय इथं,” ती म्हणाली.

सिवर्टनं रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. बाहेर एकेक गाडी फाटकातून निघाली आणि खाणावळीत हे चौघंच उरले.

मग वेळ काढण्यासाठी तो बोलत राहिला. प्रकाशासमोर आवाज करायचा नाही, हे त्यानं सांगितलं. इकडच्या रेनडिअर पाळणाऱ्या सामी जमातीतले म्हातारे जनावरांच्या गळ्यातल्या घंटांमध्येसुद्धा गवत कोंबायचे. त्याच्या एका मामानं शीळ घातली, तर प्रकाशानं त्याची टोपी नेली आणि तीन गावं ओलांडून एका गायीला घातली. फेम्केला टोपी पटली नाही, पण आवाजाचं पटलं.

कोट चढवून सगळे अंगणात आले. गुनवोरनं आतले दिवे मालवले. सिवर्ट भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि कान देऊन ऐकू लागला. कोणी काहीच बोललं नाही. बर्फात कोणाचा पायही वाजला नाही.

बराच वेळ गेला. शेजारी फेम्केनं नाक ओढलं. पोरगी रडत होती.

“रडू नका,” तो म्हणाला. “अजून ढग दाट आहेत. पण हलायला लागलेत, ते बघा, तिकडच्या डोंगरावरून. थोडा धीर धरा.”

त्यानं डोंगराकडं केलेला हात तसाच राहिला. तो हात गुनवोरनं हलकेच खाली घेतला.

“सिवर्ट,” ती म्हणाली, “वर एकही ढग नाही. तुझी दाढीसुद्धा हिरवी झालीय.”