दंतमंजनातलं शिसं

बाबांचं वय चौऱ्याहत्तर आणि दात बत्तीस. ही माहिती ते कुणी न विचारता देत. बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, एकदा तर जावयाच्या साहेबांनासुद्धा. सगळं श्रेय घरच्या दंतमंजनाला. लवंग, झाडाची साल, मीठ आणि गेरू पितळी खलात कुटून ते दर महिन्याला डब्या भरत आणि गल्लीतल्या नऊ घरांत स्वतः पोचवत.

मुलगी प्रयोगशाळेत कामाला. पाण्यातले, खाण्यातले जड धातू शोधणं हे तिचं पोटापाण्याचं काम. बाजारातल्या हर्बल टूथपेस्ट तपासायला आल्यात, असं ती जेवताना सहज बोलली, तर बाबांनी लगेच एक डबी तिच्या पर्समध्ये कोंबली.

"त्या रंगीत नळ्यांशेजारी माझं मंजन लाव. जिरू दे त्यांची."

तिसऱ्या दिवशी मशीनने आकडे दाखवले. रंगीत नळ्या पास. बाबांच्या डबीत शिसं, मर्यादेच्या कितीतरी पट. तिने पुन्हा तपासलं. आकडा हटेना.

नक्की काय ते कळेपर्यंत बाबांच्या जिवाला घोर नको, म्हणून घरी ती गप्प राहिली. "थोडे दिवस साधी पेस्ट वापरा, तुलना करायचीय," अशी थाप मारली. मग स्वयंपाकघरातून लवंग, साल, मीठ, गेरू, सगळ्याच्या चिमूट चिमूट पुड्या बांधून नेल्या. गेरूच असणार, ती मनाशी म्हणत होती. गेरू स्वच्छ निघाला. बाकीचंही स्वच्छ. उरला तो कुटायचा खल.

तेव्हा तिला आठवलं. गेल्या वर्षी खलाच्या तळाला चीर गेली होती आणि बाबा हळहळत होते. वाढदिवसाची भेट म्हणून तिनेच तो गुपचूप नेऊन बाजारातून सोल्डरने भरून आणला होता. जन्मभर धातू तपासणारी बाई, पण त्या सोल्डरमध्ये शिसं तर नाही ना, हे विचारायचं काही तिला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी तिने बाबांना सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. बाबांनी तपासणीचा कागद तिच्या हातातून घेतला आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"कुटताना बत्त्याला करडं काहीतरी लागायचं खरं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेने करून आणलंस. त्यात खोट कशी काढू?"

तिला रडू आवरेना. रडता रडताच तिने बजावलं, की उद्या सकाळी तुम्ही आणि नऊही घरांनी रक्त तपासायचं, आणि डब्या आजच परत घ्यायच्या. बाबांनी मान डोलावली आणि पहिल्या घरी फोन लावला.

"मंजन वापरू नका, वहिनी. त्यात शिसं उतरलंय. माझ्याच हातून झालं. वय झालं आता, कशाकडे लक्ष राहत नाही."

चौऱ्याहत्तर वर्षं मिरवणाऱ्या माणसाने वयाचं असं रडगाणं कधी गायलं नव्हतं. तिने त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला.

"काकू, बाबांचं काही चुकलेलं नाही. खल मी दुरुस्त करून आणला होता. चूक माझी आहे."

तिने फोन ठेवला. बाबांनी तो शांतपणे उचलला, पुढचा नंबर लावला आणि तिच्याकडे पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या घरातही चूक त्यांच्या वयाचीच निघाली.