बसच्या तिकिटापुरते

ताईने धाकट्या भावाला लहानपणापासून डोक्यावर बसवून ठेवलं होतं आणि तो काही तिथून उतरायला तयार नव्हता, एवढीच खरं तर सगळी भानगड. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. ताईने त्याला वाढवलं, लाडाने लाटसाहेब म्हटलं, आणि पठ्ठ्याने ते नाव फारच मनावर घेतलं. पुढे पत्त्यांचा नाद लागला. तो हरायचा, ही कर्ज काढून फेडायची.

ताईचं काम बिनतारी संदेशयंत्रं दुरुस्त करण्याचं, तेही अशा खोलीत जिथे खास परवान्याशिवाय झाडूवाल्यालाही पाऊल टाकता येत नाही. कर्जात बुडालेला माणूस उद्या पैशासाठी गुपितंही विकेल, ही तिथली धास्ती. म्हणून कर्ज आहे का, ते दरवर्षी लिहून द्यावं लागे. घरची अब्रू चव्हाट्यावर कशाला, म्हणून ताई 'नाही' लिहीत राहिली. मग एक दिवस वसुलीवाला थेट कामाच्या ठिकाणी, फाटकाशी येऊन उभा राहिला. परवाना काढून घेतला गेला आणि ताईची रवानगी बाहेरच्या गोदामात झाली, पंखे आणि किटल्या दुरुस्त करायला. किटल्यांना काही गुपितं नसतात.

सुट्टीच्या दिवशी लोकांचे मिक्सर दुरुस्त करून तिने सगळं कर्ज फेडलं. तेव्हा कुठे फेरचौकशी लागली. आता परवाना मिळाला नाही तर नोकरीच जाणार होती. पैसे कुठे गेले ते सांगायला भावालाही बोलावणं होतं. फाटकावर पहारेकऱ्याने त्याचे खिसे ट्रेमध्ये रिकामे करायला लावले. निघाला एक कंगवा आणि एक रुमाल. मागे उभ्या ताईने ते पाहिलं आणि मान वळवली.

चौकशी अधिकारी दुष्ट नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर रागावता आलं असतं.

"खोटं का लिहिलंत?"

"लाज वाटली," ताई म्हणाली. "त्याची नाही, माझीच. मीच त्याला पाठीशी घालत होते."

अधिकाऱ्याने भावाकडे पाहिलं. "तुम्ही पुन्हा पैसे मागाल?"

लाटसाहेबाने आयुष्यात ढीगभर शपथा घेतल्या होत्या, आणखी एक काही जड नव्हती. त्याने मान खाली घातली.

"मागेन, साहेब. कशाला खोटं बोलू? सवय आहे. पण हिने देऊ नये."

"आणि तुम्ही काय कराल?" अधिकाऱ्याने ताईला विचारलं.

वरच्या पंख्याचं बेअरिंग गेलं होतं, तो कुरकुरत होता. एरवी ताईचं लक्ष आधी तिकडे गेलं असतं. ती भावाकडे बघत होती. तो मान वर करत नव्हता.

"नाही देणार," ती म्हणाली. "एक पैसासुद्धा नाही."

ती हे मनापासून बोलली होती.

अधिकाऱ्याने ताकीद दिली, सही केली आणि परवाना परत केला. ताईने तो गळ्यात घातला. आनंद व्हायला हवा होता.

बाहेर बसथांब्यावर दोघं उभी राहिली. भावाची खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, "ताई, बसच्या तिकिटापुरते दे ना."

तिचा हात आपसूक पर्सकडे गेला. चेन अर्धी उघडलीही. मग हात तिथेच थांबला.

"नाही," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसला, अगदी शाळेत असताना हसायचा तसा. "पास झालीस गं. परीक्षा घेत होतो."

"मग आहेत ना तुझ्याकडे पैसे?"

"आहेत की. जरा पाय मोकळे करतो, इतकंच."

खिशात हात घालून तो चालायला लागला. त्या खिशांत काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. ओरडून त्याला बोलवावं असं तिला वाटलं, पण तिने पर्सची चेन लावून टाकली.

बस आली. ताई खिडकीशी बसली. पुढच्या वळणावर तो दिसला. बस जवळून जाताना तो मुद्दाम एका दुकानाकडे बघत उभा राहिला. दुकान बंद होतं.