वॉचमनची फाईल

"पूर्ण फाईल," असं म्हणत कारागृहातून आलेल्या कारकुनाने पत्रातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "बघा, स्पष्ट लिहिलंय. पूर्वेतिहासासह पूर्ण फाईल."

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंनी चष्मा पुसला, पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि घडी घालून त्याच्यासमोर ठेवलं.

"नाही मिळणार."

"अहो बाई, तुमचंही सरकारी, आमचंही सरकारी. या खिशातून त्या खिशात."

"खिसे दोन शिवलेत ते काहीतरी विचार करूनच ना?" बाई म्हणाल्या. "चहा घेणार?"

चहाला तो नाही म्हणाला नाही. वाईट माणूस नव्हता तो. त्यांच्या कारागृहात एक चोवीस वर्षांचा कैदी नवीन आला होता. गोदामफोडीत तीन वर्षांची शिक्षा. त्याला सगळ्यांबरोबर बराकीत ठेवायचं की एकट्याच्या कोठडीत, हे परवा एक समिती ठरवणार होती. लहानपणी तो या बालसुधारगृहात होता एवढं त्यांना कळलं होतं. तेव्हा तो कसा होता, हे त्यांना हवं होतं.

बाईंनी पत्रातला क्रमांक पाहिला होता. रजिस्टर उघडायची त्यांना गरज पडली नाही. वॉचमन.

रेकॉर्डच्या खोलीत बाईंची एकतीस वर्षं गेली होती. तीन लोखंडी कपाटं, एक शिडी, सुई-दोरा आणि भोकं पाडायचं यंत्र एवढा त्यांचा संसार. मुलाला सोडायचा अधिकार त्यांना नव्हता, डांबायचाही नव्हता. पण आत येणारं प्रत्येक मूल आधी त्यांच्या टेबलासमोर उभं राहायचं. नाव, वय, आईवडिलांची नावं, अंगावरच्या खुणा. एखाद्याचा ओठ थरथरायला लागला की बाई त्याच्या हातात ते यंत्र द्यायच्या. "घे, तुझ्याच फाईलला भोक पाड. सरळ पाड हं, नाहीतर मला ओरडा बसेल." मुलं सगळा जोर लावून भोक पाडायची आणि तेवढ्यापुरतं रडणं विसरायची. त्यांना ती फाईलबाई म्हणायची.

वॉचमन तेरा वर्षांचा असताना आला. चार सायकली चोरल्या होत्या. रात्री तो गादीवर आडवा होत नसे, दाराजवळ भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्याच झोपायचा. म्हणून पोरांनी नाव पाडलं, वॉचमन.

कारकून गेल्यावर बाईंनी फाईल काढली. त्यात नेमकं काय आहे, हे त्यांना पाठ होतं. एक कागद डॉक्टरांचा होता. बंद, अंधाऱ्या जागी या मुलाला फिट येते. एकटं ठेवू नये. गोळी रोज द्यावी. त्यामागचा कागद तेव्हाच्या अधीक्षकांचा. "गादी पेटवली. आग लावण्याची प्रवृत्ती. इतरांसोबत ठेवण्यास धोकादायक." आणि खालच्या कोपऱ्यात टाईप करणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं. ती बाईंची होती.

भांडण केलं म्हणून त्या दिवशी त्याला सामानाच्या खोलीत कोंडलं होतं. आतला दिवा गेला होता. त्याला तिथे काड्यापेटी सापडली, आणि उजेडासाठी तो एकामागून एक काडी ओढत बसला. मग एक पेटती काडी हातातून निसटली आणि गादीने पेट घेतला. हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. "साहेब, झालं ते लिहू का? प्रवृत्ती कशाला?" बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. साहेबांनी मान वर न करता "टाईप करा" म्हटलं आणि बाईंनी टाईप केलं.

आता हाच कागद कारागृहात गेला, की वॉचमन एकट्याच्या कोठडीत जाणार. आणि डॉक्टरांचा कागद गेला नाही, तर त्या कोठडीत त्याला काय होईल हे कुणालाच कळणार नाही.

सध्याच्या अधीक्षक मॅडम पस्तिशीच्या होत्या, मनाने चांगल्या, पण फोनच्या घंटीला दचकायच्या. "बाई, देऊन टाकू या का? उद्या वरून विचारणा झाली तर उत्तर मला द्यावं लागतं."

"मॅडम, कोर्टाच्या हुकमाशिवाय लहानपणीची फाईल बाहेर जात नाही. तो नियम तुमच्याच पाठीमागच्या भिंतीवर लावलाय. तुमची पाठ आहे म्हणून तुम्हाला दिसत नाही, मला रोज दिसतो."

मॅडमना हसू आवरेना. "बरं, मग नाही म्हणून कळवते."

"नुसतं नाही म्हणून भागणार नाही." बाईंनी फाईल उघडून डॉक्टरांचा कागद दाखवला. "एवढा एक देता येतो. डॉक्टरकडून डॉक्टरला. पण त्याच्या स्वतःच्या सहीने."

"पत्र पाठवू या त्याला."

"समिती परवा बसतेय."

"मग?"

"मी जाते."

घरी त्यांचे यजमान निवृत्त झाल्यापासून घड्याळं दुरुस्त करत बसायचे आणि बायकोचं सगळं ऐकायचे. वर न बघता ते म्हणाले, "सही घेशील. ती दुसऱ्या कागदाची गोष्ट सांगणार आहेस त्याला?"

"न सांगताही सही घेता येते."

"येते की."

बाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. "पण मग ते पुन्हा टाईप केल्यासारखंच होईल हो."

"मग सांग," ते म्हणाले, आणि चिमट्याने एक बारीकसा स्क्रू उचलला.

कारागृहातल्या भेटीच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिळलेली खिडकी होती. कालचा कारकून अगत्याने पुढे आला. फाईल बाईंनी पिशवीत छातीशी धरली होती. डॉक्टरांचा कागद तिच्यात शिवलेला होता आणि तो उसवायचा तर सही झाल्यावर, आणि त्यांनीच.

मग तो आला. रुंद खांदे, दाट मिशा. वाटेत दिसला असता तर बाईंनी ओळखला नसता. पण त्याने खुर्ची ओढून भिंतीला टेकवली, आणि मगच तो बसला.

"फाईलबाई," तो म्हणाला. "केस पांढरे झाले तुमचे."

"तुझ्या मिशा काळ्या झाल्या. फिटंफाट." बाईंनी विचारलं, "फिट येते का रे अजून?"

त्याने दाराकडे पाहिलं. "आल्यावर एकदा आली. कुणाला बोललो नाही. नाटकं करतो म्हणतात."

बाईंनी संमतीचा अर्ज पुढे ठेवला आणि त्याला नीट समजावलं. त्यावर त्याची सही झाली की डॉक्टरांचा हा एकच कागद बंद पाकिटातून इथल्या डॉक्टरांकडे जाईल. बाकीचं काही जाणार नाही.

"बाकीचं काय आहे?"

बाईंनी सांगितलं. गादीचं, प्रवृत्तीचं, धोकादायकचं. "सांगितलं साहेबांनी. टाईप मी केलं."

"आत दिवा नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

माफी मागायची असं बाई घरून ठरवून आल्या होत्या, पण त्याच्यासमोर तो शब्द फारच स्वस्त वाटायला लागला. शेवटी त्याने अर्ज ओढून घेतला आणि सावकाश सही केली. बाईंनी डॉक्टरांचा कागद उसवून पाकिटात बंद केला.

"मी वाचू का ती? माझी फाईल?"

एकतीस वर्षांत पोलिसांनी फाईल मागितली होती, वकिलांनी, वार्ताहरांनी, मुलीचं लग्न ठरवणाऱ्या एका बापानेसुद्धा मागितली होती. ज्याची फाईल त्याने कधी मागितली नव्हती.

"तुझीच आहे," बाई म्हणाल्या. दाराबाहेर थांबलेला कारकून आता मान लांब करून डोकावत होता. "तुम्ही जरा चहाचं बघता का? काल मी पाजला होता." तो ओशाळून निघून गेला.

वॉचमन ओळीखाली बोट फिरवत वाचायला लागला. बागकाम शिकवणाऱ्या मास्तरांचा शेरा आला, "याने लावलेली सर्व झाडे जगली", तेव्हा तो गालातल्या गालात हसला. आगीच्या पानावर बोट थांबलं. ते पान त्याने दोनदा वाचलं.

"ही ओळ खोडता येते?"

"ज्याची सही त्यालाच येते. साहेबांची आहे, आणि साहेब वारले."

त्याने मान हलवली. पानं उलटत तो पुन्हा पहिल्या पानाशी आला आणि तिथेच थांबला.

"इथं आईचं नाव चुकलंय."

बाईंनी चष्मा सारखा केला. अक्षर त्यांचंच होतं. एक काना राहिला होता. तेवढ्याने ते भलत्याच बाईचं नाव झालं होतं.

"तेव्हा का नाही बोललास?"

"तेव्हा वाचता कुठं येत होतं? तुमच्याकडंच तर शिकलो."

"आई कशी आहे?"

"गेली. दोन वर्षं झाली." मग त्याने विचारलं, "हे खोडता येईल?"

"हे येईल. हे माझं आहे." बाईंनी पेन काढलं आणि थांबल्या. त्याच्यापासून काही लपवायचं नाही असं एकदा ठरलं होतं. "पण ऐक, तुला सुटून सात वर्षं झाली. नियमाप्रमाणे ही फाईल महिनाअखेर नष्ट करायचीय. यादीत आहे."

"म्हणजे ते आगीचं पण जाणार?"

"सगळंच."

त्याने थोडा विचार केला. "तरी पण करा."

बाईंनी चुकीच्या नावावर एक सरळ रेघ मारली, वर नाव पुन्हा लिहिलं, समासात सही केली आणि तारीख घातली. मग फाईल त्याच्याकडे फिरवली. "वाच. आता बरोबर आहे?"

त्याने आईचं नाव मोठ्याने वाचलं. "बरोबर."

तीन दिवसांनी कारकुनाचा फोन आला. पूर्ण फाईल मिळाली नाही म्हणून त्याचे साहेब चिडले होते. पण डॉक्टरांनी समितीला लिहून दिलं होतं. कैद्याला सगळ्यांबरोबर बराकीत ठेवलं होतं, दिव्याखालची जागा दिली होती, गोळी सुरू झाली होती. "तुमच्यामुळे दोनदा चहा झाला," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा या, नुसत्या भेटायला." बाई म्हणाल्या, येईन. पुढच्या महिन्यात त्या गेल्याही, आणि त्याच्यानंतरच्या महिन्यातही.

महिनाअखेरीस त्यांनी यादीतल्या फाईली कागद कातरायच्या यंत्रापाशी आणल्या. दोरे उसवले, पानं सुटी केली. वॉचमनची पानं एकेक करून आत गेली. झाडांचं पान गेलं, गादीचंही गेलं. पहिलं पान शेवटी राहिलं. बाईंनी ते खिडकीशी नेऊन एकदा पाहिलं. शाई कोरडी होती, काना जागेवर होता. मग त्यांनी ते पान आत सरकवलं, आणि यंत्र थांबेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.